आजोबांची पोर्तुगीज पत्रं पुस्तकांबरोबर द्यावी की घरीच ठेवावी?

फोंडेकर_नातू

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. आमचे आजोबा गोव्याच्या अंत्रूज महालातले, म्हणजे फोंड्याकडचे, पोर्तुगीज काळात सेगुंद ग्राव (तेव्हाची पोर्तुगीज शाळेची परीक्षा) झालेले, मास्तरकी केली आणि आयुष्यभर पुस्तकं जमवली. मराठी, पोर्तुगीज, थोडी फ्रेंच. आता घराच्या वाटण्या चालल्यायत आणि चुलतभावाला आरमार, म्हणजे पुस्तकांचं कपाट, रिकामं करून हवंय, त्याचं चाललं असतं तर रद्दीवाला कधीच येऊन गेला असता. मी एका संस्थेत विचारलं, ते म्हणाले पुस्तकं घेऊ. पण माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे, त्यात चारेकशे पत्रं, बरीचशी पोर्तुगीजमधली. ती दाखवली तर त्यांचा माणूस दोन मिनिटं वरवर चाळून म्हणतो, ही पर्सनल आहेत, ही आम्हाला नकोत.

मला ते पटलं नाही, पण नेमकं का ते सांगता येईना. मागे लायब्ररी सायन्सचा कोर्स करताना ऑलिव्हेरा लिमाबद्दल वाचलं होतं ते आठवलं. ब्राझीलचा माणूस, १८६७ मध्ये रेसिफेला जन्म, वाढला लिस्बनमध्ये, वकिलातीत नोकरी, त्यामुळे वॉशिंग्टन, लंडन, टोकियो, ब्रुसेल्स असा फिरला आणि जाईल तिथून पुस्तकं उचलली. १९१६ मध्ये हा सगळा संग्रह त्यानं वॉशिंग्टनच्या कॅथॉलिक युनिव्हर्सिटीला दिला आणि अट काय घातली तर ग्रंथपाल मीच होणार! १९२० मध्ये नवराबायको तिथे राहायला गेले, १९२४ मध्ये ग्रंथालय लोकांना खुलं झालं. आणि त्यानं नुसती पुस्तकं नाही दिली, पत्रं, फोटो, पेपरची कात्रणं चिकटवलेल्या वह्या, सगळं एकत्र. मग आमच्या आजोबांची पत्रं तेवढी नकोशी का? ते काय राजदूत नव्हते हे मान्य, पण तरी.

ट्रंकेतली निम्मी पत्रं एकाच माणसाची आहेत. गोव्यातल्याच सासष्टीतल्या एका सेमिनारीत (पाद्री घडवणारी शाळा) पुस्तकं सांभाळणारे पाद्री होते, त्यांची. १९३८ ते १९५९. मला पोर्तुगीज जेमतेम येतं, एवढं कळतं की पुस्तकांची देवाणघेवाण चालायची आणि मानकुराद आंब्यांचा उल्लेख दर एप्रिल-मे मध्ये आहे.

काय करू सांगा. रविवारपर्यंत ट्रंक हलवायची आहे.


कागदकीडा

दादा आधी एक काम कर, ट्रंकेतली पत्रं "व्यवस्थित" लावू नकोस. हे सगळ्यात महत्त्वाचं. लोक उत्साहात तारखेप्रमाणे लावतात, माणसांप्रमाणे वेगळी करतात आणि आजोबांनी जी गड्डी ज्या दोऱ्यानं बांधली होती ती मोडते. त्यांनी अमक्याचं पत्र तमक्याच्या पत्रात घालून ठेवलं असेल तर त्याला कारण असणार, ते कारण तुला आज नाही कळणार, पण मोडल्यावर कोणालाच कधी नाही कळणार. आहे त्या क्रमानं मोबाईलवर फोटो काढ, दोन्ही बाजू, पाकीट धरून, आणि कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं नंबर टाक. पेन चालणार नाही.

आता काय करू नये ते. सेलोटेप नाही. लॅमिनेशन तर अजिबात नाही, एका ओळखीच्या घरी पणजोबांच्या सनदा लॅमिनेट करून आणल्या आणि कौतुकानं मला दाखवल्या, मी काय बोलणार. जुन्या टाचण्या गंजून कागदाला चिकटलेल्या असतील, त्या ओढू नको, कागद खाली धरून टाचणी हळूच वर सरकव. दमट वाटली तर पंख्याखाली पसर, उन्हात नको. तपकिरी पडलेली शाई असेल आणि अक्षराच्या जागी बारीक भोकं दिसत असतील तर ती लोखंडाची जुनी शाई, ती कागद खाते, ती पानं घडीवर परत परत उघडू नको. आणि गोदरेजच्या कपाटात ठेवून निर्धास्त होऊ नका लोकहो, गोव्याच्या पावसात लोखंडी कपाटाला आतून घाम फुटतो, बाहेरच्या भिंतीला टेकून असेल तर विचारूच नका.

आता मुद्द्याचं, "पर्सनल" म्हणजे काय? संग्राहकाची पत्रं म्हणजे त्याच्या संग्रहाची जमाखर्चाची वही असते. कुठलं पुस्तक कोणाकडून आलं, कितीला, कशाच्या बदल्यात, कोणाला वाचायला दिलं, हे पुस्तकावर कुठे लिहिलेलं असतं? पत्रात असतं. पत्रं गेली की सहाशे पुस्तकं ही नुसती सहाशे पुस्तकं. त्यामुळे द्यायचं तर दोन्ही एकाच जागी दे, ते नाही म्हणाले तर दुसरीकडे विचार.


सांतइनेज_७१

कागदकीडा यांनी बरोबर लिहिलंय पण मला त्या ऑलिव्हेरा लिमाच्या कौतुकाबद्दल थोडं बोलायचंय.

तो देशावर रुसलेला माणूस होता हो. परराष्ट्र खात्यात वरच्यांशी पटलं नाही, राजेशाहीवाला म्हणून संशय, पहिल्या महायुद्धात शांततेच्या बाजूनं लिहिलं तर इंग्रजांनी जर्मनधार्जिणा ठरवला. या सगळ्या रागात ब्राझीलच्या इतिहासाची एवढी कागदपत्रं अमेरिकेत गेली. आता ब्राझीलच्या पोराला आपल्याच देशाचं वाचायला वॉशिंग्टनचं तिकीट काढावं लागतं. आपल्याला हे नवीन नाही, गोव्याच्या इतिहासाची किती कागदं लिस्बनमध्ये आहेत ते इथे जुन्या लोकांना माहीत आहे. नातू, तुम्ही परदेशात देताय असं म्हणत नाही, पण गोव्याबाहेर जाऊ देऊ नका एवढंच.

दुसरं. या लिमाचा एक तरुण पत्रमित्र होता, जिल्बेर्तु फ्रेयरे, तोही रेसिफेचाच, अमेरिकेत शिकायला असताना या दोघांचं छान सूत जमलं, त्यांचा पत्रव्यवहार २००५ मध्ये ब्राझीलमध्ये पुस्तक होऊन आलाय. हाच फ्रेयरे १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या सरकारचा पाहुणा म्हणून गोव्यात आला आणि पणजीत इन्स्टिट्यूट वास्को द गामामध्ये, म्हणजे आजचं मिनेझिस ब्रागांझा, तिथे त्यानं भाषण ठोकलं की पोर्तुगीज जिथे जातात तिथे लोकांत मिसळतात, त्यांची एक वेगळी लुझो-ट्रॉपिकल संस्कृती तयार होते वगैरे वगैरे. पाच वर्षांआधी मडगावात पोर्तुगीज राजवटीविरुद्ध लोहियांची सभा झालेली, त्यानंतर आपले स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्यांना पकडून पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलेलं, आणि हा पाहुणा सांगतोय सगळे गोडीगुलाबीनं राहतात. सालाझारला आयतं कोलीत मिळालं. त्यामुळे पत्रातला माणूस गोड असला तरी पुढे काय करेल सांगता येत नाही, हे आपलं जाताजाता.


मोगरीबाय

@सांतइनेज_७१ काका तुम्ही प्रत्येक धाग्यात सालाझारला आणताच 😄

लिमाचं म्हणाल तर त्याच्या बायकोचं नाव कोणीच घेत नाही. फ्लोरा. त्याचं लिखाण उतरवून काढणं, कात्रणं सांभाळणं हे ती करायची, तो १९२८ मध्ये वारला त्यानंतर १९४० पर्यंत, म्हणजे तिच्या शेवटापर्यंत ती त्या ग्रंथालयासाठी झटली. बारा वर्षं! नातू, तुझ्या आजीनं त्या ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घातला असेल बघ दरवर्षी, नाहीतर ६० वर्षं गोव्यात कागद टिकतोय होय.


तिकीटवेडा

पाकिटांवर स्टॅम्प असतील तर ते कापू नकोस प्लीज. मी स्वतः लहानपणी मामाच्या घरची पाकिटं कापून स्टॅम्प गरम पाण्यात सोडवले होते, त्याच्याबरोबर पोस्टाचे शिक्के गेले, आता पत्रांवर तारीख नाही आणि पाकीट नाही. मामा अजून ऐकवतो.


रेईश_मागूशचो

मी थोडंफार पोर्तुगीज वाचतो, जुन्या दस्तऐवजांचं भाषांतर करतो. नातूबाब, काही सोप्या खुणा सांगतो. वर "एश्सेलेंतीसिमु" (महामहिम) चं आखूड रूप असेल तर संबंध अजून लांबचे, ते जाऊन "मेव आमीगु" (माझ्या मित्रा) आलं की दोस्ती झाली, सुरुवात बदलली त्या पत्राची तारीख बघा, मजा येते. १९११ ला पोर्तुगालनं शुद्धलेखन बदललं, फ चा जुना पी-एच गेला, दुहेरी अक्षरं गेली, पण म्हातारे पाद्री जुन्याच वळणानं लिहीत राहिले, त्यामुळे नुसत्या स्पेलिंगवरून साल ठरवायला जाऊ नका, फसाल.

आणि एक लक्षात घ्या, तुमच्या ट्रंकेत आलेली पत्रं आहेत. आजोबांनी लिहिलेली पाद्रींकडे गेली. ती सेमिनारीत कुठेतरी पडून असू शकतात, नसूही शकतात. एका हातानं टाळी चाललीय सध्या. पुस्तकांबाबत काय लिहिलंय त्यातलं एखादं पान इथे टाकाल का, नावं झाकून?


फोंडेकर_नातू

सगळ्यांचे आभार. मोगरीबाय, पाला निघाला खरंच, पण कडुनिंब नाही, काळी मिरी होती फडक्यात बांधून. बाबांना विचारलं तर म्हणाले आईचं काम.

रेईश_मागूशचो, तुम्हाला तीन पानं मेसेज केली आहेत. १९४७ ची. दोऱ्यात ती तीन एकत्र बांधलेली होती, कागदकीडा म्हणाले ते बरोबर निघालं, एक एप्रिलचं, एक मेचं आणि एक थेट नोव्हेंबरचं, मधली इतर पत्रं दुसऱ्याच गड्डीत.


रेईश_मागूशचो

वाचली. नातूबाब, बसून घ्या.

पहिल्यात पाद्री म्हणतायत आंबे पोचले, दोन डझनातले तीन वाटेत दबले तरी चव उत्तम, आणि तुम्ही नेलेला ग्रंथ पाऊस लागायच्या आत परत करावा कारण नंतर होडीत पेटी भिजते. दुसऱ्यात तेच, आंबे नाहीत, ग्रंथाची आठवण. तिसऱ्यात फक्त चार ओळी आणि वर "मेव आमीगु" जाऊन परत "एश्सेलेंतीसिमु" आलाय! म्हणजे रागावलेत. ग्रंथ म्हणजे कुन्य रिव्हारांचा आर्किव्हु पुर्तुगेश-ओरिएंताल, चौथा खंड.

हा रिव्हारा पण ग्रंथपालच बरं का, पोर्तुगालातल्या एव्हराच्या सार्वजनिक ग्रंथालयातला, १८५५ मध्ये सरकारचा सेक्रेटरी होऊन गोव्यात आला आणि इथली जुनी दप्तरं उपसून छापत बसला. चौथा खंड १८६२ चा, त्यात गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदांचे ठराव आहेत, हिंदूंनी काय करावं काय करू नये ते सगळं. म्हणजे हिंदू मास्तर ते ठराव वाचायला नेतो आणि पाद्री त्याला ते देतो. १९४७ मध्ये. मला ही जागा फार आवडली.

पण तो आरमारात आहे का ते बघा आधी.


सांतइनेज_७१

आता मात्र मला सुद्धा उत्सुकता लागली. सालाझारचं नाव काढत नाही.


फोंडेकर_नातू

आहे.

खालच्या फळीवर, मराठी पुराणांच्या मागे, लाल कापडी बांधणी. पहिल्या पानावर सेमिनारीचा जांभळा शिक्का, फिका झालाय पण वाचता येतो. समासात आजोबांच्या अक्षरात मराठीत टिपणं, पेन्सिलीनं, पानोपानी. एका ठरावाच्या बाजूला नुसतं "हं!" लिहिलंय. कसर लागलीय शेवटच्या पंधरावीस पानांना.

हे पुस्तक मी त्या संस्थेला देणाऱ्या यादीत ४१२ नंबरवर टाकलं होतं. आजोबांचं म्हणून. आणि आज ते दिलं असतं आणि पत्रं इथेच राहिली असती तर कोणाला कळलंच नसतं.


कागदकीडा

यादीतून काढ. पुस्तक तुझं नाही, संस्थेला देता येणार नाही. टिपणं खोडू नकोस म्हणजे झालं, त्या पानांचे पण फोटो काढून ठेव.


तिकीटवेडा

१९४७ पासूनचा दंड किती होईल 😂


मोगरीबाय

दंड आंब्यात भर. पण सीझन संपला आता, पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागेल.


फोंडेकर_नातू

थांबत नाही. सेमिनारीत फोन केला, तिथल्या आताच्या पाद्रींना गोष्ट सांगितली, ते आधी एवढे हसले की मला फोन लांब धरावा लागला. मग म्हणाले शनिवारी या, ग्रंथ घेऊन, आणि ती तीन पत्रं पण आणा, आमच्याकडे त्या काळातली एक पेटी आहे, त्यात तुमच्या आजोबांची अक्षरं जुळतात का बघू. त्यांना चौथा खंड रजिस्टरमध्ये "उसना दिला" असाच अजून दिसतोय म्हणे.

ट्रंक सध्या माझ्या फ्लॅटवर आणलीय, चुलतभावानं गाडी दिली. रेईश_मागूशचो, शनिवारी मोकळे असाल तर येता का? पेटी उघडली तर वाचायला कोणीतरी पाहिजे.


रेईश_मागूशचो

येतो. फोंड्याच्या बसस्टँडवर नऊला थांबा, माझी गाडी आहे.