मोहिमेवरच्या तुकडीसोबत समाजशास्त्रज्ञाने जावं का?

अनघा_सिंहगडरोड

पुण्यात मानवशास्त्र शिकणाऱ्या आमच्या गटात एक वाद पेटलाय, तो इथे मांडते. आपल्या लष्कराने मोहिमेवरच्या तुकड्यांसोबत समाजाचे अभ्यासक न्यावेत का? माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही.

अमेरिकेने हे करून पाहिलं आहे. 'ह्यूमन टेरेन सिस्टिम' या कार्यक्रमाचा पहिला गट फेब्रुवारी २००७ मध्ये अफगाणिस्तानातल्या खोस्त प्रांतात पोचला. अभ्यासक ब्रिगेडसोबत राहायचे, सैनिकांबरोबर गावात जायचे आणि कमांडरला सांगायचे की इथे कुणाचा शब्द चालतो, कोणत्या घराण्याचं कुणाशी वैर आहे. ७० कोटी डॉलरहून अधिक खर्च होऊन २०१४ मध्ये तो बंद झाला.

माझा मुद्दा संमतीचा आहे. अभ्यास कशासाठी आहे ते समोरच्याला सांगा, त्याला 'नको' म्हणायची मोकळीक द्या, त्याच्या बोलण्यामुळे त्यालाच त्रास होणार नाही हे बघा, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. अंगणात दहा जवान रायफली घेऊन उभे असताना कुठला शेतकरी 'नको' म्हणेल? तुकडी गेल्यावर रात्री दुसरी बाजू येऊन विचारते, 'काय सांगितलंस त्यांना?' अमेरिकन मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००७ मध्येच नापसंती जाहीर केली होती. २००९ मध्ये त्यांच्या समितीने तर हे आपल्या शास्त्राचं रास्त काम मानता येणार नाही, असा निष्कर्ष काढला.

सुभेदार_घोरपडी

ताई, मी पायदळात होतो, काश्मीरमध्ये पोस्टिंग काढलंय. सातारा-सांगलीचं वीस वर्षांचं पोरगं पहिल्यांदा तिथे उतरतं, त्याला भाषेचा एक शब्द येत नाही. घरात शिरण्याआधी बायकांना बाजूला व्हायला वेळ द्यायचा, धर्मग्रंथ ठेवलेल्या फडताळाला हात लावायचा नाही, म्हाताऱ्याला त्याच्या पोरांदेखत झिडकारायचं नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला नको? एका वाईट झडतीने अख्खं गाव तुटतं. जाणकारांनी हात झटकले तर मरणार गावकरी आणि जवान.

खोस्तमधल्या ब्रिगेडचे कर्नल मार्टिन श्वायट्झर म्हणाले होते की या गटामुळे प्रत्यक्ष लढाईच्या कारवाया ६० ते ७० टक्क्यांनी घटल्या. निम्मं खरं धरा, तरी किती जीव वाचले असतील! आणि ते संशोधक काही छावणीत बसून नव्हते. मायकेल भाटिया मे २००८ मध्ये खोस्तला स्फोटात गेले. निकोल सुवेजेस त्याच वर्षी जूनमध्ये बगदादच्या सद्र सिटीत मारल्या गेल्या. पॉला लॉइड कंदाहारकडे एका माणसाशी इंधनाच्या भावाबद्दल बोलत होत्या, त्याने त्यांना पेटवून दिलं. जानेवारी २००९ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या कामाला एका वाक्यात नालायक ठरवू नका.

अनघा_सिंहगडरोड

सुभेदार साहेब, त्यांच्या धैर्याबद्दल मनापासून आदर आहे. पण लॉइड यांच्या हल्लेखोराचं पुढे काय झालं? पकडून हात बांधल्यावर त्याला गोळी घातली ती त्यांच्याच गटातल्या माणसाने, आणि अमेरिकन न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. संशोधन कुठे संपलं आणि लढाई कुठे सुरू झाली, हे त्या गावाने कसं ओळखायचं? ६०-७० टक्के हा तर कर्नलचा स्वतःचा अंदाज.

पालावरचा

मी पारधी समाजातला. ब्रिटिशांनी आमचे देव, मुक्काम, चालीरीती, सगळं बारकाईने लिहून घेतलं. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण गावात चोरी झाली की अजून पोलिसांची गाडी आधी पालावरच येते. लष्करातही तसंच घडलं. 'लढवय्या जाती' कोणत्या, यावर साहेबांनी हस्तपुस्तिका लिहिल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत असलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. निवृत्त महार सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज करून दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा घेतलं, मग पुन्हा घरी पाठवलं. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. लिहिणारे सगळेच दुष्ट नव्हते. पण ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते कधी दाखवलं नाही, खोडायची संधी दिली नाही.

कोथरूडचा_निनाद

गडचिरोलीत १९९० पासून नक्षलवाद्यांशी लढणारं पोलिसांचं सी-६० पथक आहे. गोंडी-माडिया बोलणारी तिथलीच मुलं. तुकडीला समाज कळायला संशोधकच हवा असं कुठे आहे?

सुभेदार_घोरपडी

निनाद, ते पोलीस दल, आपल्याच जिल्ह्यात काम करतं. लष्कराची पलटण दोन-तीन वर्षांनी हलते. पालावरच्या भाऊंचं मात्र मनाला लागलं. आमच्याकडे महार रेजिमेंटचा इतिहास अभिमानाने सांगतात, मधली बंद भरती कुणी सांगत नाही.

अनघा_सिंहगडरोड

मी लष्कराला शिकवूच नका म्हणत नाही. खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीत, पुण्यातल्या सदर्न कमांडमध्ये, पलटण निघण्याआधी आमच्यासारख्यांनी जरूर शिकवावं. मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली, ती १९६९ मध्ये छापून आली. ती सरकारने वाचावी, विस्थापितांनीही वाचावी. ब्रिगेड कमांडरच्या टेबलावरचा कागद गावाला कधी दिसणार?

सुभेदार_घोरपडी

वर्गात शिकवलेलं गाव आणि समोरचं गाव यात फार अंतर असतं. रात्री दोन वाजता बातमी येते की अमक्या घरात अतिरेकी आहे. ती खरी, की जमिनीच्या वादातून कुणी शेजाऱ्याचं नाव दिलंय? तुम्ही सोबत नसलात की ती जागा खबऱ्या घेतो, आणि त्याला आपला हिशेब चुकता करायचा असतो.

अनघा_सिंहगडरोड

खबऱ्याचा धोका खरा आहे, त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण संशोधकही शेवटी गावातल्या कुणाकडून तरीच ऐकणार, तेही चार दिवसांत, दुभाष्यामार्फत. खबऱ्याच्या बोलण्यावर पलटणीचे प्रमुख, सीओ साहेब, शंका तरी घेतात. तीच गोष्ट पीएचडीवाल्याच्या अहवालात आली, तर त्या घरावर धाड घालण्याआधी कोण थांबेल?