लोफोटेन सायकल ट्रिप: पहाटे राइनेब्रिंगेन चढून त्याच सकाळी बोट पकडावी का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

येत्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी, नवरा आणि माझ्या मोठ्या नणंदबाई असे तिघं नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर सायकली घेऊन चाललोय. शेंगेन व्हिसा झाला, तिकिटं झाली, सायकली खोक्यात कशा बसवायच्या तेही शिकून झालं. घोडं अडलंय ते एका डोंगरापाशी. त्यावरून घरात रोज रात्री जेवणं आटोपली की वाद सुरू होतो आणि कुकर धुवायचा राहतो. इथे नॉर्वेत राहणारे आहेत, सायकलवाले आहेत, सह्याद्रीत हाडं झिजवलेले तर भरपूर आहेत, म्हणून विचारतेय.

आधी बेत सांगते. मुख्य भूमीवरच्या बोडो शहरात उतरायचं, तिथून जलद प्रवासी बोटीने लोफोटेनमधलं स्वोल्वेर. मग ई-१० या हमरस्त्याने नैऋत्येकडे लेकनेस, राम्बेर्ग, हामनॉय, राइने करत जिथे रस्ताच संपतो त्या ऑ नावाच्या गावापर्यंत. न वळता गेलं तर साधारण १३० किलोमीटर. पण आम्ही हेनिंग्सवेर, नुसफ्योर्ड असे फाटे घेत, तंबू ठोकत, रमतगमत जाणार आहोत. शेवटी ऑहून पाचेक किलोमीटर मागे मोस्केनेसला यायचं आणि गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने बोडोला परत. बोटीचा प्रवास तीन-साडेतीन तासांचा.

आता डोंगर. राइने गावाच्या डोक्यावर राइनेब्रिंगेन उभा आहे. लोफोटेनचा जो फोटो सगळीकडे दिसतो, खाली निळंहिरवं पाणी, लाल लाकडी घरं, पूल आणि पाण्यातून सरळ वर आलेले सुळके, तो याच्यावरूनच काढलेला असतो. उंची ४४८ मीटर. आकडा ऐकून हसू नका, वाट समुद्राच्या काठावरून सुटते, त्यामुळे जवळजवळ सगळी उंची पायांनीच कमवावी लागते. पूर्वी तिथे नुसता घसारा होता, वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात. माणसं दगावलीही आहेत. मग २०१६ पासून नेपाळच्या शेर्पांनी काही उन्हाळे खपून दगडी पायऱ्या बांधल्या. आता त्या १९७८ आहेत.

नवऱ्याचं म्हणणं असं: शेवटच्या दिवशी पहाटे तीनला उठू, चढू, फोटो काढू, उतरू आणि तसेच मोस्केनेसला जाऊन सकाळची बोट पकडू. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही, तेव्हा अंधाराची भीती नाही. नऊनंतर बसगाड्या भरून लोक येतात, त्यांच्याआधी आपण खाली. शिवाय गाडीवाल्यांना पार्किंगसाठी जे फिरावं लागतं ते आपल्याला नाही. दर रविवारी आतकरवाडीने सिंहगड चढणाऱ्या माणसाला याचं काय एवढं, असंही वर आहेच.

नणंदबाईंचं म्हणणं थोडक्यात: "चढेन रे, पण उतरताना दोन हजार पायऱ्या माझ्या गुडघ्यांनी मोजायच्या आणि वर बोटीमागे धावायचं?" त्या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, सायकलवर आमच्या दोघांच्या पुढे असतात, पण उजवा गुडघा उताराला कुरकुरतो.

मला दोघांचंही पटतं आणि तिथेच गोची आहे. तर जाणकारांनो, पाऊस पडून गेल्यावर त्या पायऱ्या कितपत निसरड्या असतात? सामानाने लादलेल्या तीन सायकली खाली कुठे आणि कशा ठेवायच्या? आमचे बूट क्लीटवाले (पेडलमध्ये अडकायला तळव्याला धातूची चकती असलेले) आहेत, त्यांनी चढता येईल की वेगळे बूट वाहून न्यायचे? राइनेजवळ तंबू टाकता येतो का? आणि मुख्य म्हणजे, सूर्य मावळतच नसेल तर पहाटेच जाण्यात फायदा काय?

बोगद्यांबद्दलही कुणी सायकलवरून गेलं असेल तर लिहा. लेकनेसच्या पुढे समुद्राखालून जाणारा एक आहे म्हणे.

फ्योर्डकाठी

ताई, मी बर्गनला असतो. लोफोटेनला सायकलवरूनही गेलोय आणि राइनेब्रिंगेनही चढलोय. तुमच्या प्रश्नांच्या क्रमाने जात नाही, कारण खरी अडचण तुम्ही विचारलेलीच नाही. डोंगर आणि बोट एकाच दिवशी बांधू नका.

तिथलं हवामान तासातासाला पालटतं. जूनमध्येही दहा-बारा अंश तापमान, वर वारा, आणि ढग खाली उतरला की ४४८ मीटरचं टोक पुरतं दिसेनासं होतं. शेवटच्या सकाळी ढग बसला तर तुम्ही १९७८ पायऱ्या चढून पांढरा पडदा बघणार. नाही चढलात तर नवरोबा घरी येईपर्यंत धुमसणार. आणि बोटीची वेळ डोक्यावर असली की माणूस ओल्या दगडावर भराभर उतरतो. त्या पायऱ्या घडीव नाहीत. मोठमोठे ओबडधोबड दगड रचलेत, उंची कमीजास्त, काही ठिकाणी नणंदबाईंना पाऊल गुडघ्याच्या उंचीला टाकावं लागेल. कोरड्या असताना झकास, ओल्या असताना पहिल्या टप्प्यावरच कळतं की बुटाच्या तळव्यावर सगळं अवलंबून आहे. क्लीटवाले बूट अजिबात नकोत. धातूची ती चकती ओल्या दगडावर सरकणारच. साधे खोल खाचांचे ट्रेल बूट पॅनियरवर (सायकलच्या कडेला लटकणाऱ्या पिशव्यांवर) बांधून न्या.

पहाटेचं म्हणाल तर गर्दी टाळायला पहाट उत्तमच. राइने बेटाच्या पूर्वेच्या काठावर आहे, मध्यरात्रीचा सूर्य मागच्या डोंगरांआड राहतो. उजेड असतो, ऊन नसतं. सकाळी ऊन पूर्वेच्या समुद्राच्या, म्हणजे वेस्टफ्योर्डच्या अंगाने थेट येतं. पण मोठा फायदा वेगळाच आहे. रात्रच नसल्यामुळे वेळ ठरवायची गरजच नाही. रात्री अकराला ढग हटला तर अकराला निघा, पहाटे चारला हटला तर चारला. नॉर्वेच्या हवामान खात्याचं यर हे ॲप तासवार ढग, पाऊस, वारा दाखवतं, ते बघत बसायचं.

घसारा_घसरगुंडी

वरच्याशी सहमत. सिंहगडाची तुलना काढलीच आहे म्हणून सांगतो, उंचीने सिंहगडाची चढण जास्त भरेल, पण आतकरवाडीची वाट वळत वळत जाते आणि मध्ये ताक मिळतं. इथे वाट नाकासमोर वर जाते, ताक नाही, पाणीसुद्धा आपलंच. चढायला तास-सव्वा तास धरा, उतरायलाही जवळजवळ तितकाच.

पायऱ्या एका खिंडीसारख्या जागी संपतात. तिथून कड्याच्या धारेवर पुढे जाणाऱ्या पुसट वाटा दिसतील आणि त्यावर फोटोला उभे राहिलेले शूर लोकही दिसतील. त्यांच्या मागे जाऊ नका. पलीकडे थेट तुटलेला कडा आहे आणि खिंडीत वारा अचानक अंगावर येतो. फोटो खिंडीतूनही तोच येतो.

पॅनियर_पुराण

सायकलींबद्दल लिहितो. पायऱ्यांची सुरुवात राइनेहून मोस्केनेसकडे जाताना लागणाऱ्या राम्सविक बोगद्याच्या बाहेरून जी जुनी वाट समुद्राकडेने जाते, तिच्यावर आहे. सायकलीने बोगद्यात शिरायचंच नाही, बाहेरूनच जायचं. तिथे कठड्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट न अडवता, तिन्ही सायकली एकमेकींना कुलूपबंद करून ठेवता येतात. पण पॅनियर तंबूतच सोडून या. चोरीची भीती फार नाही, मात्र पासपोर्ट खाली ठेवून कुणी निवांत चढत नाही.

तंबूचं: नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कुणालाही फिरायचा, मुक्काम करायचा हक्क आहे. घरांपासून किमान १५० मीटर लांब, आणि एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त नाही. पण राइनेच्या आसपास लोकांनी इतके तंबू ठोकले की ठिकठिकाणी बंदीच्या पाट्या लागल्यात. त्या पाळा. मोस्केनेसला धक्क्याजवळच पैसे भरून तंबू टाकायची सोय आहे, गरम पाण्याच्या शॉवरसकट. तिथून पायथा सायकलवर वीस मिनिटांत.

समुद्राखालचा बोगदा म्हणजे नाप्पस्ट्राउम, १९९० साली झालेला, लांबी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. आधी साठेक मीटर समुद्राखाली उतार, मग तेवढीच खडी चढण. आत थंडगार, ओलसर, आणि मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज असा घुमतो की तो अंगावर आलाच असं वाटतं, प्रत्यक्षात तो अजून तोंडाशी असतो. चोवीस तास उजेडाच्या देशात जाताय म्हणून दिवे घरी ठेवू नका. मागचा लाल दिवा, पुढचा दिवा आणि चमकणारं जाकीट तिघांनाही हवं. आत शिरण्याआधी जाकीट चढवा, उतारावर घाम गोठतो.

गॅसचं सिलिंडर विमानात चालत नाही, बोडोला उतरल्यावर घ्या. आणि रविवारी बरीचशी दुकानं बंद, शनिवारी शिधा भरून ठेवा.

वलांडीवाला

वसईकडून एक अवांतर. जूनमध्ये जाताय तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी मांडव दिसतील, त्यावर कॉड टांगून सुकवतात. आमच्या बोंबलांच्या वलांडीच की, फक्त दोन मजली उंच. फेब्रुवारीपासून टांगलेला मासा जूनपर्यंत उतरवत आणतात, त्यामुळे काही मांडव रिकामे, काहींवर अजून माल. मीठ अजिबात लावत नाहीत, नुसता वारा आणि थंडी. शाकाहारी असाल तर वाऱ्याची दिशा बघून डबा उघडा. ऑ गावात सुक्या कॉडचं छोटं संग्रहालय आहे, पाऊस लागला तर तिकडे वळा.

फ्योर्डकाठी

रात्री सुचलं म्हणून परत आलो. ताई, सगळा मार्गच उलटा का करत नाही? बोडोहून आधी मोठ्या बोटीने मोस्केनेसला उतरा. तिथेच तंबू, तिथेच पायथा. दोन-तीन दिवस ऑ, राइने, हामनॉय असं रिकाम्या सायकलींनी फिरा आणि आकाश उघडेल तेव्हा डोंगर. पाय ताजे, सामान तंबूत, बोटीची घाई नाही. मग निवांत ईशान्येकडे स्वोल्वेर. तिथून जलद बोटीत सायकलींना जागा मोजकी असते, नाही मिळाली तर किनाऱ्याने जाणारी जुनी आगबोट सेवा आहे. ती स्वोल्वेरहून संध्याकाळी निघते, बोडोला मध्यरात्र उलटून गेल्यावर पोचते.

नणंदबाईंना पायऱ्या नकोच असतील तर लेकनेस आणि नाप्पस्ट्राउम बोगदा यांच्या मध्ये ओफरसॉयकामेन डोंगर आहे. ४३६ मीटर, पण पायऱ्या नाहीत, मातीची वाट, गुडघ्याला बरी. वरून समुद्र, वाळूचे किनारे आणि तुम्ही जाणार तो रस्ता असं सगळं दिसतं, आणि फोटोवाल्यांची रांग नसते. मला विचाराल तर मी राइनेब्रिंगेनपेक्षा हाच परत चढेन.

काठ्या दोघींनी घ्या, उतारासाठी. गरज पडली तर ११२ ला फोन करायचा, वैद्यकीय मदतीला ११३. इथे डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम शाळेपासून शिकवतात, त्यात वेळेवर मागे फिरण्यात लाज नाही असाही एक आहे. यजमानांना आधीच वाचून दाखवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उलट्या मार्गाची कल्पना घरात मांडली. नणंदबाईंनी लगेच हात वर केला. नवऱ्याने नकाशा उघडून वारं समोरून लागेल का यावर अर्धा तास घालवला आणि मग "मी हेच म्हणत होतो" असं जाहीर केलं. तर आता मोस्केनेसला आधी उतरायचं ठरलं. तिघांचे ट्रेल बूट पॅनियरवर, पासपोर्ट कमरेला. नणंदबाई राइनेब्रिंगेनला अर्ध्यापर्यंत येणार, पुढचं गुडघा ठरवेल. ओफरसॉयकामेन मात्र त्यांनी आपल्या नावावर करून घेतलाय.

एक राहिलंच. सायकलींची खोकी बोडोत उतरल्यावर कुठे ठेवायची? परतीला तीच लागणार आहेत.

पॅनियर_पुराण

परतीच्या रात्री बोडोत जिथे मुक्काम असेल त्यांनाच आत्ता मेल करून विचारा, आधीची रात्रही तिथेच काढणार असाल तर बहुतेक ठेवून घेतात. नाहीच जमलं तर येताना पुठ्ठ्याची खोकी टाकून द्या आणि परतीला बोडोतल्या सायकलच्या दुकानातून रिकामी मागून घ्या. नव्या सायकली ज्यात येतात ती खोकी त्यांच्याकडे पडून असतात. फक्त दोन दिवस आधी फोन करा, आणि पेडल काढायचा पाना तुमच्याच सामानात ठेवा.