तिरकी भेग घेतली की परावर्तन जास्त येतंय, ग्रिड बदलू की पद्धतच?

मंडळी, भेगाळलेल्या खडकातून भूकंपलहरी कशा जातात याचं टू-डी सिम्युलेशन करतोय. कोड माझाच आहे, फायनाइट डिफरन्स (चौकोनी जाळीच्या बिंदूंवर समीकरणं सोडवायची), विरिओच्या १९८६ च्या पद्धतीचं स्टॅगर्ड ग्रिड, म्हणजे वेग आणि ताण अर्धा-अर्धा सेल सरकवलेल्या बिंदूंवर, फक्त स्पेसमध्ये अचूकता चौथ्या ऑर्डरची. कडांना पीएमएल (लाटा शोषून घेणारा थर) आहे आणि तिथून काही परत येत नाही, तेव्हा ते कृपया विचारू नका :)

भेगेला शोनबर्गचं लिनिअर स्लिप मॉडेल लावलंय, म्हणजे भेगेच्या दोन्ही बाजूंना ताण सारखाच पण विस्थापनात उडी, आणि ती उडी ताणाच्या प्रमाणात. भेग मिलिमीटरभर आणि ग्रिड २ मीटरचं, मग खरीखुरी भेग जाळीत बसवणं (मेश करणं) विसराच, म्हणून कोट्स-शोनबर्गची १९९५ ची युक्ती घेतली, भेग ज्या सेलमधून जाते तो सेलच मऊ करून टाकायचा.

आकडे असे: पी-वेग ५०००, एस-वेग २९०० मीटर/सेकंद, घनता २६००, स्रोत ४० हर्ट्झचा रिकर (छोटा ठरावीक आकाराचा स्पंद), भेगेचा कम्प्लायन्स (मऊपणा, म्हणजे उडी भागिले ताण) काटकोनात आणि भेगेला समांतर अशा दोन्ही दिशांना १०चा उणे १०वा घात मीटर प्रति पास्कल. टाइमस्टेप ०.२ मिलिसेकंद, स्थिरतेची मर्यादा ०.२४ ची आहे, त्यामुळे कोड फुटत वगैरे नाही.

आडव्या भेगेवर सगळं झकास! सरळ आदळणारी पी-लाट ४० हर्ट्झला १६ टक्के आणि १०० ला ३८ टक्के परतायला हवी, तेवढीच परतते. तीच भेग ३० अंशात तिरकी केली, कम्प्लायन्स टेन्सरही फिरवला, लाटही भेगेवर काटकोनातच सोडली, तर ४० हर्ट्झला २२ च्या आसपास येतंय. चौकोनी ग्रिडवर तिरक्या रेषेच्या पायऱ्या होतात, त्यांमुळे असेल म्हणून ग्रिड १ मीटरचं केलं, तरी आकडा ढिम्म हलत नाही.

आता सेंगरचं रोटेटेड ग्रिड (सगळे ताण एकाच बिंदूवर ठेवणारं) घेऊ की सरळ त्रिकोणी मेशवर डिसकन्टिन्युअस गॅलर्किन (प्रत्येक त्रिकोणात वेगळं सोडवून कडांवर जोडणारी पद्धत)? दुसऱ्याची धास्ती अशी की पुढे एकमेकांना छेदणाऱ्या भेगांचं जाळं घालायचंय, तिथे लहान कोनात चिमुकले त्रिकोण होणार आणि त्यांच्यापायी सगळा टाइमस्टेप खाली येणार.

प्रतिसाद:
पद्धत बदलायच्या आधी एक सांगा, भेगेचा स्पर्श झालेल्या प्रत्येक सेलला पूर्ण कम्प्लायन्स भागिले ग्रिडची बाजू एवढं देताय का? ३० अंशाला भेग तेवढ्याच लांबीत १.३७ पट सेल ओलांडते (कोसाइन अधिक साइन), म्हणजे भेग तेवढ्या पट मऊ झाली. तुमच्या आकड्यांना १.३७ ने गुणून बघा, १६ चे २२ च होतात. आणि हे गुणोत्तर ग्रिडच्या मापावर अवलंबूनच नाही, मग ग्रिड बारीक करून काय होणार. कम्प्लायन्स गुणिले त्या सेलमधली भेगेची लांबी, भागिले सेलचं क्षेत्रफळ, असं द्या. आडव्या भेगेला हे आपोआप तुमच्याच सूत्रावर येतं म्हणून ती टेस्ट पास झाली. रोटेटेड ग्रिडने खडकाच्या गुणधर्मांच्या सरासऱ्या काढायची कटकट कमी होईल, ही चूक तशीच राहील.

धागाकर्ता:
हो, तसंच देतोय, आता लांबी काढून घालतो. एकाच सेलमध्ये दोन भेगा आल्या तर?

प्रतिसाद:
दोघींचे कम्प्लायन्स खडकाच्या कम्प्लायन्समध्ये मिळवा आणि शेवटी एकदाच उलटवा, म्हणजे स्टिफनेस (ताठरपणा) मिळेल. स्टिफनेसची बेरीज मात्र चुकूनही करू नका.