गाडी न्या, पण पोतं नको

आपल्या ग्रुपवर एका भाऊंनी सुचवलंय की घरोघरची उरलेली औषधं आणि ब्लँकेटं जमवून गडचिरोलीतल्या भामरागडकडे एक गाडी न्यायची. ब्लँकेटं जरूर न्या. गोळ्या नको. अर्ध्या पट्ट्यांवरची एक्स्पायरीची तारीखच कापून गेलेली असते. (हे पाप मीही केलंय. पोतंभर नेलं, कामाचं निघालं पिशवीभर.)

आपल्याकडे विदर्भात सिकलसेलचे (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) पेशंट खूप. त्यांना एका दिवसाचं शिबिर पुरत नाही. त्यावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी सुरू झाली की रोज घ्यायची, अधूनमधून रक्त तपासायचं, कधी रक्त चढवायचं. मग वारी नागपूरचीच.

गेल्या उन्हाळ्यात इथल्या एका सरकारी दवाखान्याबाहेर गडचिरोलीतल्याच एटापल्लीकडची माडिया आदिवासी बाई भेटली. पोरगा वॉर्डात, ही झाडाखाली. उपचार फुकट, पण पदराच्या गाठीतल्या नोटा तिनं दोनदा मोजल्या; परतीचं भाडं काही भरेना. शिवाय आतले लोक हिंदीत सांगत होते, ते तिला निम्मंही उमगत नव्हतं.

डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळं सांभाळायला शिकवलं, बालमृत्यू घटले, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात ते छापूनही आलं. भाषा नि गाव एकच, हे त्यातलं अर्धं औषध असं मला तरी वाटतं.

म्हणून माझं म्हणणं, गाडीच्या डिझेलच्या पैशातून आधी नातेवाइकांचं भाडं आणि डबा बघू. माडिया बोलणारं कुणी कॉलेजचं पोरगं ओळखीत आहे का? आणि मे महिन्यात रक्त द्यायला कोण कोण येतंय?