टीमवर छत्री धरणारा मॅनेजर खरोखर चांगला असतो का?

अनुबंध

मधल्या फळीतील मॅनेजरने टीमच्या डोक्यावर छत्री धरावी, वरून येणारी ओरड, फिरवलेले निर्णय आणि अवास्तव मुदती स्वतः झेलाव्यात आणि खाली एक थेंबही पोहोचू देऊ नये, असे सांगणारा लेख परवा येथे आला आणि त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. मला तो लेख घातक वाटला, म्हणून सविस्तर उत्तर लिहीत आहे.

या शिकवणुकीत मॅनेजर त्यागमूर्ती ठरतो आणि टीममधील जाणती माणसे अजाण ठरतात. ज्या प्रकल्पाचा निधी कापला जाणार आहे, त्यासाठी रात्री जागणाऱ्या माणसाला ती गोष्ट ठाऊक नसते, आणि कळते तेव्हा दुसरीकडे पाहण्याची वेळ निघून गेलेली असते. शिवाय जो सगळे झेलतो, त्याने वरिष्ठांशी वाद घातलेला असतोच असे नाही. बहुतेक वेळा त्याने बैठकीत मान डोलावलेली असते आणि बाहेर येऊन टीमशी गोड वागून त्याची भरपाई केलेली असते.

डोनाल्ड पेल्झ यांनी डेट्रॉईट एडिसन या वीज कंपनीतील पर्यवेक्षकांचा अभ्यास करून १९५२ मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो या लेखकाने वाचायला हवा. ज्या पर्यवेक्षकाच्या शब्दाला वर वजन होते, त्याने आपल्या माणसांची बाजू घेतली की ती माणसे अधिक समाधानी असत. ज्याच्या शब्दाला वर किंमत नव्हती, त्याच्या तशाच वागण्याचा उपयोग होत नसे, आणि काही ठिकाणी तर उलट परिणाम दिसे. म्हणजे नुसत्या प्रेमळपणाने भागत नाही. आपला मॅनेजर वर काही घडवून आणू शकतो का, हे माणसे बरोबर ओळखतात.

मुदत अशक्य असेल तर वर जाताना त्या तारखेला काय देता येईल, त्यासाठी काय वगळावे लागेल आणि ते वगळण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, हे एका पानावर लिहून न्यावे. कोऱ्या नकाराकडे वरिष्ठ सहज दुर्लक्ष करतात, पण लेखी मांडलेल्या दोन पर्यायांतून निवड करणे त्यांना टाळता येत नाही. परत आल्यावर काय ठरले, का ठरले, आपण कशाला विरोध केला आणि अजून काय बदलू शकते, हे टीमला सांगावे.

कातळ

अनुबंध, आपण ज्याचे वर्णन केले आहे तो भित्रा माणूस आहे. त्याच्या भित्रेपणाचे खापर छत्री धरणाऱ्यांवर फोडू नका.

मी कारखान्यात पाळीप्रमुख होतो. एका रात्री प्रेसची हायड्रॉलिक लाईन फुटली. आमचा फिटर कोपरापर्यंत तेलाने माखून सील बदलत होता आणि प्लांटच्या प्रमुखांचे फोनवर फोन येत होते की मशीन कधी सुरू होणार. माझ्या आधीचे पाळीप्रमुख असा फोन सरळ फिटरच्या कानाला लावत असत. मी फोन घेऊन शेडच्या बाहेर गेलो, जे ऐकायचे ते ऐकून घेतले आणि आत येऊन फिटरला एवढेच विचारले की सुटे सील आणखी लागणार आहेत का. साहेब काय म्हणाले, हे त्या वेळी त्याला कळून कोणते भले होणार होते? त्याचे हात थरथरले असते आणि काम लांबले असते.

दुसरी गोष्ट मला त्याहून खटकली. आपण विरोध केला होता हे टीमला सांगणे मला मुळीच मान्य नाही. टीम त्याचा अर्थ एवढाच घेते की निर्णय चुकीचा आहे आणि आपल्या साहेबांनाही तो पटलेला नाही. मग मन लावून काम कोण करणार? बंद दाराआड हवे तेवढे भांडावे, पण बाहेर आल्यावर निर्णय स्वतःचा म्हणून सांगावा. मधल्या फळीचे नेतृत्व यालाच म्हणतात.

पाऊलखुणा

कातळ, फिटरच्या बाबतीत आपण केले ते योग्यच होते. परंतु जो माणूस खाली येणारे गाळतो, तोच वर जाणारेही गाळू लागतो, आणि ही सवय कोठे नेते त्याचे उदाहरण जगासमोर आहे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतील अभियंत्यांनी थंडीमुळे यानाचे उड्डाण करू नये असा आग्रह धरला होता. रॉजर बॉइसजोली त्यांत आघाडीवर होते. अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष बॉब लुंड आधी त्यांच्याच बाजूने होते, पण अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापनाची टोपी घाल असे त्यांना वरिष्ठांनी सुनावले आणि कंपनीचे मत फिरले. दुसऱ्या दिवशी सात जणांचा जीव गेला. चौकशी आयोगाला असे आढळले की ज्यांनी उड्डाणाचा अंतिम निर्णय घेतला, त्यांना ५३ अंश फॅरनहाइटखाली उड्डाण करू नये या कंपनीच्या मूळ लेखी शिफारशीची माहितीच नव्हती. मधल्या माणसांनी तो वाद आपल्या पातळीवर मिटवून टाकला होता.

कातळ

मी खाली येणाऱ्या दबावाबद्दल बोलत आहे आणि आपण वर जाणाऱ्या इशाऱ्याबद्दल बोलत आहात. धोक्याची सूचना दाबणाऱ्याचे समर्थन मी कोठेही केलेले नाही. सात माणसांच्या मृत्यूचे उदाहरण समोर ठेवले की समोरच्याचे तोंड बंद होते, पण त्याने मुद्दा सिद्ध होत नाही.

सरळरेघ

“निर्णय स्वतःचा म्हणून सांगावा” हे वाक्य वाचून राहवले नाही. चर्चा थोडी वळवत आहे, पण याच वाक्याने माझ्यासारख्या अनेकांची झोप उडवली आहे.

आमच्याकडे अप्रेझलला बेल कर्व्ह लागतो, म्हणजे प्रत्येक श्रेणीत किती माणसे बसवायची हे आधीच ठरलेले असते. एका वर्षी एचआरकडून आलेल्या एक्सेलमध्ये माझ्या टीमचा रकाना लाल झाला होता, कारण सर्वांत खालच्या श्रेणीत मी कोणालाच ठेवले नव्हते. एकाला खाली हलवा म्हणजे शीट स्वीकारली जाईल, एवढाच निरोप होता. मी प्रत्येकाच्या कामाचा तपशील जोडून लेखी विरोध केला आणि नाव द्यायला नकार दिला. तेव्हा वरिष्ठांनी स्वतःच एक नाव खाली सरकवले. ती व्यक्ती वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या विभागातून आली होती आणि वरच्या बैठकीत तिला ओळखणारे कोणीच नव्हते, हे एकमेव कारण होते. तिच्यासमोर बसून रेटिंग सांगायचे काम मात्र माझ्याकडे आले. हा निर्णय माझा आहे असे मी तिला सांगायला हवे होते का? ते धडधडीत खोटे झाले असते.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी वरचे २०, मधले ७० आणि खालचे १० टक्के अशी वाटणी रूढ केली आणि कित्येक कंपन्यांनी तिचा कित्ता गिरवला. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. आमच्याकडे ती अजून चालू आहे, आणि जोपर्यंत ती आहे तोपर्यंत मधल्या मॅनेजरला नेतृत्वाचे धडे देणे मला क्रूर वाटते.

कातळ

ज्याच्या हाताने रेटिंग दिले जाते, त्याने जबाबदारी घेतली पाहिजे. “मी काय करणार, वरून आले” असे म्हणून हात झटकणारे मॅनेजर मी आयुष्यभर पाहिले आहेत. समोरच्या माणसाने दाद मागायची कोणाकडे? आणि आपल्याला हे इतके असह्य होते तर आपण त्या खुर्चीत का बसलात?

सरळरेघ

कातळ, माझ्या खुर्चीबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मी खुर्ची सोडली असती तर तिथे बसणाऱ्याने पहिल्याच दिवशी नाव देऊन टाकले असते. लेखी विरोध करणाऱ्याला आपण हात झटकणारा म्हणता, हे मला फार लागले आहे.

उत्तररात्र

आपण सगळे रेटिंग देणाऱ्यांच्या बाजूने बोलत आहात, म्हणून घेणारीची बाजू लिहिते. मला एकदा खालची श्रेणी मिळाली तेव्हा आमचे मॅनेजर म्हणाले, “मी तुझ्यासाठी खूप भांडलो गं, पण ऐकलं नाही कोणी.” ते खरे असेलही. मला मात्र आणखी असहाय वाटले, कारण माझ्या कामात काय कमी पडले हे विचारायलाही जागा उरली नाही. सगळा वेळ त्यांचीच समजूत घालण्यात गेला.

पुढे दुसऱ्या मॅनेजरांकडेही असाच प्रसंग आला. त्यांनी स्वतःचा मूळ शेरा छापून समोर ठेवला, आपण कोणती श्रेणी दिली होती आणि ती कोणत्या पातळीवर बदलली हे सांगितले, कामातील दोन उणिवा तारखांसह दाखवल्या आणि फेरविचाराचा अर्ज कोणाकडे व कधीपर्यंत करायचा ते लिहून दिले. त्या अर्जाला जोडायला आपले लेखी मत देण्याची तयारीही दाखवली. त्यांनी निर्णय स्वतःचा म्हटला नाही आणि हातही झटकले नाहीत. श्रेणी बदलली नाही, पण त्या माणसासाठी मी पुढेही जीव लावून काम केले.

अनुबंध

कातळ, उत्तररात्र यांनी जे लिहिले आहे तेच मी पहिल्यापासून सांगत आहे. निर्णय कोणाचा हे खरे सांगायचे आणि पुढचा मार्ग दाखवण्याची जबाबदारी स्वतः घ्यायची. आपण एकनिष्ठेच्या नावाखाली मॅनेजरला खोटे बोलायला सांगत आहात, आणि टीमला खोटे चटकन कळते.

कातळ

खोटे बोलायला मी सांगितलेले नाही. आपण कधी कोणाच्या हातात कामावरून कमी केल्याचे पत्र ठेवले आहे का? मी ठेवले आहे. त्या क्षणी समोरच्या माणसाला आपला विरोध ऐकायचा नसतो. त्याला हिशोब कधी मिळणार आणि अनुभवाचा दाखला कोण देणार, हे हवे असते.

तरीही रेटिंगच्या बाबतीत उत्तररात्र यांचे म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. जे माणसाच्या पगाराशी आणि नावाशी जोडलेले आहे, त्यात निर्णय कोणी बदलला हे त्याला कळले पाहिजे. सरळरेघ यांच्या खुर्चीबद्दलचे वाक्य मी मागे घेतो. रोजच्या कामातील निर्णयांबाबत आणि त्या फिटरच्या बाबतीत मात्र मी तसूभरही मागे हटणार नाही.

पाऊलखुणा

फिटरबद्दल कोणी भांडतच नाही. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराने अंदोनची, म्हणजे अडचण आल्याचा इशारा देणारी, दोरी ओढली की सर्वांत आधी टीम लीडर येतो. लाईन ठरावीक जागेपर्यंत सरकते तोवर त्याला अडचण सोडवायची मुभा असते. सुटली नाही तर लाईन थांबते आणि सगळ्यांना कळते. मधल्या माणसाने किती वेळ झेलायचे आणि केव्हा उघड करायचे, ही सीमा तिथे आधीच आखलेली असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या कार्यालयांत ती मॅनेजरच्या स्वभावावर सोडलेली असते, आणि म्हणून छत्रीवाल्या लेखाला इतकी वाहवा मिळते.

सरळरेघ

कातळ, शब्द मागे घेतलात याची नोंद घेतली, पण त्याने बेल कर्व्ह सरळ होत नाही. या वर्षी मी आरंभीच टीमला एकत्र बसवून सांगितले की आपल्या विभागाला खालच्या श्रेणीचा कोटा आहे, मी त्याला लेखी विरोध केलेला आहे आणि प्रत्येकाने आपल्या कामाची नोंद दर महिन्याला माझ्याकडे पाठवावी, म्हणजे वरच्या बैठकीत कोणी अनोळखी राहणार नाही. टीमला ते पटले. कोटा उघड केला म्हणून वरिष्ठ नाराज आहेत, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.