प्रकाशाचा वेग न ओलांडताही पोचता येईल की

काहींचं म्हणणं असतं की यानाचं इंजिन पुरेसं पॉवरफुल झालं की प्रकाशाला मागे टाकू, पण गोम इंजिनात नाहीच ना, सर्नमध्ये (युरोपातली कण-भौतिकीची प्रयोगशाळा) प्रोटॉनला, म्हणजे अणूतल्या एका कणाला, एवढी एनर्जी देऊनही तो प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९९९९९९% च्या आसपासच अडकतो, उरलेल्या दशांशासाठी अजून कितीही ओता, शंभर काही होत नाही. २०११ मध्ये एका प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले म्हणून केवढा गाजावाजा झाला, शेवटी निघाली काय तर मोजमाप यंत्रणेतली सैल केबल!

भौतिकशास्त्रज्ञ आल्कुबिएरेचा १९९४ चा वार्प ड्राइव्ह (यानाभोवतीचं अवकाशच आकुंचन-प्रसरण करून पुढे जायची कल्पना) गणितात बसतो, पण त्याला निगेटिव्ह एनर्जी, म्हणजे शून्याहून कमी ऊर्जा लागते, ती आणायची कुठून?

आणि खरं सांगू का, ओलांडायची गरजच नाही. एवढ्या वेगात यानातला काळ पृथ्वीच्या तुलनेत मंदावतो, त्यामुळे प्रकाशाच्या ९९.९९% वेगाने प्रॉक्झिमा सेंटॉरीला (सूर्याच्या सर्वात जवळच्या ताऱ्याला) निघालात तर पृथ्वीवर सव्वाचार वर्षं जातील, यानातल्यांचे जेमतेम २२ दिवस. फक्त वेग वाढवायचा आणि कमी करायचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा.