आईचे नैराश्य मुलीच्या वाट्याला येतेच का?

प्रश्न (नंदनवन, नागपूर):
माझ्या आईला नैराश्याचा आजार होता. गहू निवडता निवडता तिचा हात थांबायचा आणि दुपार टळली तरी सूप मांडीवर तसेच असायचे. बाळंतपणानंतर मलाही हाच आजार जडला. अजून गोळ्या चालू आहेत. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. मी जरा गप्प बसले की ती जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहते. ‘तुमच्या रक्तातच आहे ते,’ असे नातेवाईक म्हणतात. तिची जनुकीय तपासणी करून घ्यावी का?

उत्तर १:
ताई, रक्तातून येते ती प्रवृत्ती. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार नैराश्याच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ३७ टक्के आनुवंशिकतेशी जोडता येतो. मुलीला ३७ टक्के धोका आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. आईवडिलांना हा आजार असल्यास धोका दुपटी-तिपटीने वाढतो हे खरे, तरी अशा घरांतली पुष्कळ मुले निरोगीच राहतात. यामागे एक जनुक नसून अगदी अल्प परिणामाची असंख्य जनुके असतात. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी संबंधित एका जनुकाचा पूर्वी फार गाजावाजा झाला, पण २०१९ च्या मोठ्या विश्लेषणात तो दावा टिकला नाही. तपासणीवर पैसे घालवू नका.

उत्तर २:
संगोपनाचा ठसा जनुकांच्या कामावरही उमटतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मायकेल मीनी व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की पिलांना भरपूर चाटणाऱ्या उंदरिणींची पिले मोठेपणी ताण लवकर पचवतात, कारण त्यांच्या मेंदूतील ताण आवरणाऱ्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा वेगळ्या असतात. पिलांची अदलाबदल केली, तेव्हा त्या खुणा जन्मदात्रीप्रमाणे न राहता सांभाळणारीप्रमाणे ठरल्या. उंदरांवरून माणसांचे सारे ठरत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

उत्तर ३:
माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत मोलाचा अभ्यास अमेरिकेतला, २००६ चा आहे: उपचारांनी ज्या मातांचे नैराश्य ओसरले, त्यांच्या मुलांमधील लक्षणेही कमी झाली. म्हणजे तुमची रोजची गोळी तुमच्या लेकीच्याही कामी येते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका. मुलीची झोप, भूक किंवा शाळेतले लक्ष आठवडा-दोन आठवडे बिघडलेले दिसले, तर मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि ती कपाळाला हात लावील तेव्हा तो हात धरून तिला सांगा, ‘मला ताप नाही, माझ्या मनाला आजार आहे, औषध चालू आहे आणि तो तुझ्यामुळे झालेला नाही.’